घरातील बदल आणि मांजराचे आजारपण

घरात मोठी उलथापालथ चालू असताना पाळीव मांजर उघड कारणाशिवाय आजारी पडणे, आणि घरच्यांनी ते निभावून नेणे. घर हलवणे, रंगकाम, लग्न, बाळंतपण, घरातल्या कुणाचे जाणे हे असे बदल होत. लक्षणे बहुधा सारखीच असतात: मांजर खाणे टाकते, उलट्या करते, कपाटामागे दडून बसते, मलमूत्रासाठी ठेवलेला वाळूचा ट्रे सोडून गादीवर लघवी करते, कधी लघवीत रक्त दिसते.

मुंबईत हा प्रसंग वरचेवर येतो, कारण येथे घर एका जागी राहत नाही. भाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की कुटुंब आधी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या जागेत आणि काही वर्षांनी नव्या इमारतीत जाते, म्हणजे मांजराच्या वाट्याला दोन स्थलांतरे येतात. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जाणे माणसाला बढती वाटते. पण चाळीतले मांजर खोलीत राहतच नसे. गॅलरी, जिना, माळा आणि शेजारची दोन-तीन बिऱ्हाडे मिळून त्याचे घर होत असे. मासळी एकीकडे, झोप दुसरीकडे. टॉवरच्या बंद दारामागे त्याचा मुलूख वाढत नाही, आक्रसतो.

मांजर माणसाचे नसते, घराचे असते, असे जुनी माणसे म्हणत. त्यात तथ्य आहे. मांजर आपली हद्द वासाने ओळखते. गाल घासून दाराच्या चौकटीवर, सोफ्याच्या कडेवर वास ठेवते. ताजा रंग, नवे फर्निचर आणि धुतलेली चादर एकाच आठवड्यात आली की ही खूण पुसली जाते.

या ताणाचा परिणाम शरीरावर होतो, तो मांजराचा हट्ट नसतो. सर्वांत अभ्यासलेला विकार म्हणजे कारण न सापडणारा मूत्राशयदाह. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले. अशा मांजरांत ताणाच्या वेळी शरीराला सावध करणारे संप्रेरक नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढते, पण त्याला आवर घालणारे कॉर्टिसॉल त्या प्रमाणात वाढत नाही. मूत्राशयाच्या आतले संरक्षक अस्तरही कमकुवत आढळते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणात दिनक्रम बिघडल्यावर, उदाहरणार्थ देखभाल करणारी माणसे बदलल्यावर, निरोगी मांजरांनीही खाणे कमी केले आणि ट्रेबाहेर घाण केली. मार्जारवर्गीय हर्पिस विषाणूचेही असेच आहे. तो बऱ्याच मांजरांच्या शरीरात सुप्त असतो आणि स्थलांतरानंतर काही दिवसांनी शिंका, डोळ्यांतून पाणी या रूपाने वर येतो.

तरीही ‘वातावरण बदललंय, होईल ठीक’ हे वाक्य या विषयातले सर्वांत घातक वाक्य म्हणावे लागेल. ताण हे निदान रक्त, लघवी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी झाल्यावर उरते. आधी धरायचे नसते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कण्हतो आणि थेंबही होत नाही, तेव्हा मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. घरचे त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा तूप पाजतात. तोवर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयावर येते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचते. या दोन्ही प्रसंगांत सामान लावून होईपर्यंत थांबायचे नसते.

दुसरे असे की घरबदल स्वतःच विष घेऊन येतो. ताबा घेण्याआधीचे पेस्ट कंट्रोल, लादीवरचे फिनाइल, कपाटातल्या डांबरगोळ्या ही नेहमीची उदाहरणे. फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. त्यामुळेच पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याला मारू शकते. वास्तुशांतीला आलेल्या गुच्छातील खऱ्या (लिलियम जातीच्या) लिलीची पाने, फुले, अंगावर पडून चाटले गेलेले परागकणसुद्धा मूत्रपिंडे निकामी करतात. डॉक्टरांना सांगायच्या यादीत ही प्रत्येक गोष्ट हवी, आणि नेमकी तीच राहून जाते.

नव्या घरात मांजराला सुरुवातीला एकच खोली द्यावी. हॉलमध्ये टेम्पोवाल्यांची ये-जा असेतो दार बंद ठेवावे. जुनी न धुतलेली चादर, तेच खाणे, तीच वाळू आधी त्या खोलीत पोचलेली असावी. प्रवासाचा पिंजरा चार दिवस आधीपासून उघडा ठेवला की तो वैरी वाटत नाही. खिडक्यांना कबुतरांची जाळी आधी, मांजर नंतर. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त, हा पशुवैद्यकीय दंडक मुंबईच्या वन-रूम किचनमध्ये पाळणे कठीण जाते. बाथरूममध्ये एक आणि पलंगाखाली एक एवढे जमले तरी पुष्कळ.

मूत्राशयदाहाचा झटका, मार्ग अडलेला नसेल तर, बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही केले त्यालाच श्रेय मिळते: दृष्ट काढली तिला, अँटिबायोटिक दिले त्याला. तरुण मांजरांच्या या दाहात जंतुसंसर्ग क्वचितच असतो, म्हणून दुसऱ्या उपायाचे श्रेयही पहिल्याइतकेच तकलादू. उपयोग होतो तो वेदनाशामकाचा, पोटात जास्त पाणी जाण्याचा (ओले खाणे, पातळ केलेला मासळीचा बिनमिठाचा रस) आणि ठरल्या वेळी ठरल्या माणसाने खायला घालण्याचा.

घरात बाळ येणार असेल तर मांजर आजारी पडताच ते कुठेतरी सोडून येण्याचा आग्रह सुरू होतो, बहुधा सासू-आईकडून आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या नावाने. हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज, गर्भवतीऐवजी दुसऱ्या कुणी साफ केला आणि मांजराला कच्चे मांस दिले नाही तर धोका फार कमी राहतो. कच्चे मटण हाताळणे आणि न धुतलेली भाजी हीच संसर्गाची मोठी वाट आहे, पण त्यावरून घरात भांडण होत नाही.

मुंबईत अशा तपासण्यांसाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच परिसरातील, 1886 मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही जुनी ठिकाणे आहेत; 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. विरार किंवा बदलापूरहून तिथवरचा प्रवास हा मांजरासाठी आणखी एक ताण असतो. म्हणून शिफ्टिंगच्या आधीच नव्या घराजवळचा पशुवैद्य शोधून ठेवावा आणि जुन्या डॉक्टरांकडची फाइल सामानाच्या खोक्यात न टाकता पर्समध्ये घ्यावी. बऱ्याच मांजरांत हा दाह पुढच्या वर्ष-दोन वर्षांत पुन्हा उद्भवतो, आणि त्या वेळी मागच्या लघवीच्या तपासणीचा कागद मागितला जातो.