शब्द खरा की बनावट?

कुराणातला 'फातिर' हा शब्द पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनाही नीट उलगडत नव्हता. परंपरा सांगते की, एकदा दोन बदाऊन (वाळवंटातले भटके अरब) विहिरीवरून भांडत त्यांच्याकडे आले. त्यातला एक म्हणाला, "अना फतरतुहा", म्हणजे पहिली कुदळ मी मारली! 'फातिर' म्हणजे आरंभ करणारा, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

अशा दुर्मीळ शब्दांना अरबीत 'गरीब' म्हणतात, म्हणजे परके, अनोळखी. आपला 'गरीब' तिथूनच फारसीमार्गे आला. हे शब्द टिपायला आठव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याचे पंडित वाळवंटातल्या टोळ्यांची बोली ऐकत. पण ऐकलेला शब्द अस्सल कशावरून?

इथे बसऱ्याचे कोशकार खलील इब्न अहमद यांचं डोकं चाललं. तीन व्यंजनांची मांडणी सहा प्रकारे होते, चारांची चोवीस, पाचांची एकशे वीस. ही सगळी गणितं मांडून कुठली मांडणी वापरात आहे आणि कुठली नाही, हे त्यांनी नोंदायला घेतलं. क-त-ब घ्या: 'कतब' म्हणजे लिहिलं, 'कबत' म्हणजे दडपलं, 'बतक' म्हणजे कापलं. आपल्या अरबी कोशाचा क्रमही त्यांनी घशातल्या खोल ध्वनींपासून ओठांपर्यंत लावला. आपल्या वर्णमालेची आठवण होतेच. भारतीय प्रभावाचा तर्क काहींनी केलाय, पण थेट पुरावा नाही.

त्यांची खरी करामत म्हणजे चाळणी. चार-पाच व्यंजनांच्या मूळ अरबी शब्दात र, ल, न, फ, ब, म यांपैकी एक तरी असतंच, कारण हे ध्वनी जिभेला-ओठांना हलके. 'अक्रब' (विंचू) पास. 'कशअथज' मात्र नापास: कानाला कितीही अरबी वाटो, तो घडवलेला. लोकांना कोड्यात टाकायला जाणकारच असे शब्द घुसडतात, असं खलील बजावतात. 'असजद' (सोनं) यासारखे मोजके अपवादही ते मान्य करतात, आणि मला तरी त्यांचा नियम म्हणूनच जास्त पटतो.

हेरातचे (आजचं अफगाणिस्तान) कोशकार अल-अझहरी यांना तर क्षेत्रकार्य सक्तीनं घडलं. 924 मध्ये हजहून परतताना कर्मती बंडखोरांनी यात्रेकरूंचा तांडा लुटला आणि ते बदाऊनांच्या वाट्याला आले. दीर्घकाळ ते त्यांच्याबरोबर चाऱ्यापाण्यामागे भटकले. ही माणसं बोलताना क्वचितच चुकतात, असं त्यांनी पुढे लिहिलं, आणि कैदेत कानावर पडलेले कितीतरी शब्द आपल्या 'तहज़ीब अल-लुग़ा' या कोशात घातले.