भूक मारली की मनही बदलतं

१९९५ साली फिजीतल्या नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. तोवर तिथं अंगानं भरलेली मुलगी म्हणजे मायेनं खाऊपिऊ घातलेली मुलगी. पोर जेवेनाशी झाली की घरचे झाडपाल्याचा काढा पाजायचे. मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी टीव्ही येताच तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती; दुसऱ्या खेपेला ११ टक्के निघाल्या. दर खेपेला मुली साठ-पासष्टच, त्याही वेगवेगळ्या, म्हणून सगळं टीव्हीनंच केलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांची आवड तीन वर्षांत हलू शकते, हे त्यातून दिसलं.

मग एकाच बाकावरच्या दोघींपैकी एकीलाच असा खाण्याचा विकार का जडतो? काही भाग रक्तातून येतो. जुळ्यांच्या अभ्यासांत ॲनोरेक्सियाचा, म्हणजे जेवण तोडत तोडत फार रोडावण्याच्या आजाराचा, आनुवंशिक वाटा निम्म्याच्या आसपास भरतो. काही स्वभावातून येतो. वहीत एक खाडाखोड झाली तरी पान फाडणारी, सतत धास्तावलेली मुलं जास्त धोक्यात असतात. त्यात वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी चढतेच, ती शरीराची गरज असते, आणि नेमकं त्याच वेळी लग्नघरात कुणीतरी म्हणतं, "किती सुटलीस गं!" कुस्तीसारख्या वजनगटाच्या खेळांतले मुलगेही यातून सुटत नाहीत.

ठिणगी मात्र बहुतेक वेळा डाएटची असते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १४-१५ वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. डाएट न करणाऱ्या मुलींच्या तुलनेत कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार जडण्याची शक्यता १८ पट निघाली, मध्यम डाएट करणाऱ्यांना ५ पट.

असं का होतं, याचं उत्तर त्याआधीच मिळालं होतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांचं जेवण सहा महिने जवळपास निम्म्यावर आणलं. बारीक दिसण्याचं वेड त्यांच्यापैकी कुणालाच नव्हतं. तरी ते पाककृती गोळा करू लागले, ताटल्या चाटू लागले, एकेक घास चिवडत बसू लागले. उदास आणि एकलकोंडे झाले. जेवण पूर्ववत झाल्यावरही काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. उपाशी मेंदू असाच वागतो. म्हणून न जेवणाऱ्या मुलीला हट्टी म्हणणं हा अन्यायच आहे.

आपल्याकडे अनेक मुली "जाड होईन" असं म्हणतच नाहीत. पोट गच्च वाटतं, अपचन होतं, असं सांगतात आणि आधी पोटाच्या डॉक्टरांकडे पोचतात. उपवास वाढले तर घरात कौतुकच होतं. भरलेला डबा परत येणं, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन नळ सोडणं, पाळी थांबणं, उभं राहताच चक्कर येणं, उन्हाळ्यातही थंडी वाजणं, यातलं एकाहून जास्त दिसलं की डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. वजन नेहमीसारखं असलं तरी दाखवा. बुलिमियात, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकण्याच्या विकारात, ते बहुधा तसंच राहतं.

फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घरीच एकदम भरपेट खाऊ घालू नका. पिष्टमय अन्न अचानक मिळालं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत, पायरीपायरीनं वाढवावा लागतो.