स्वनीतिमत्त्व (ख्रिस्ती शिकवण)

आपल्या सत्कृत्यांच्या बळावर आपण देवापुढे नीतिमान ठरतो असे मानणे आणि त्याच मापाने इतरांना तुच्छ लेखणे, याला ख्रिस्ती शिकवणीत स्वनीतिमत्त्व म्हणतात.

या शिकवणीचा गाभा लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील दाखल्यात आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला येतात: एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि दुसरा जकातदार, म्हणजे लोक पापी समजत असा करवसुली करणारा. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा भाग (दशांश) देवाला देतो. नियमशास्त्राने (मोशेच्या धर्मनियमांनी) वर्षातून एकच उपास सांगितला असता तो कितीतरी जास्त करतो. त्याच्या बोलण्यात काही खोटे नाही. पण देवाचे आभार मानता मानता त्याची नजर शेजारच्या जकातदाराकडे वळते, आणि प्रार्थना तिथेच नासते. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो, फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो. परूशी हे लोकांत आदर असलेले धर्मशिक्षक होते, हे विसरले की दाखल्याची धार जाते. ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे वाटणारा वाचक त्याच्याच जागी उभा असतो.

मत्तयच्या ७व्या अध्यायातील कुसळ-मुसळाचे वचनही याच अंगाचे आहे. मराठीत ‘मुसळ’ आले असले, तरी मूळ ग्रीकमध्ये घराची तुळई आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या येशूला सहज सुचावी अशी उपमा. त्याच अध्यायातील ‘दोष काढू नका’ म्हणजे बऱ्यावाईटाची पारख सोडा, असा अर्थ काढणे चूक आहे. आधी आपले मुसळ काढ, मग भावाचे कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे येशू सांगतो. चुकलेल्या भावाला एकांतात समजावण्याची रीतही मत्तय १८मध्ये आहे. मनाई आहे ती न्यायासनावर बसण्याची, कारण ती जागा देवाची. रोमकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की दुसऱ्याला दोषी ठरवणारा स्वतःलाही दोषी ठरवतो.

इजिप्तच्या वाळवंटातील मठवासी मोशे (बायबलमधला मोशे नव्हे) याची कथा प्रसिद्ध आहे. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला बोलावल्यावर तो पाण्याचे गळके भांडे घेऊन गेला. ‘माझी पापे अशीच मागे गळताहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे,’ असे त्याने सांगताच बंधूला क्षमा मिळाली.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत हा दाखला वाचला जातो त्या ‘परूशी व जकातदार यांच्या रविवारी’ ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची तयारी सुरू होते. परूश्यासारखा उपासाचा गर्व होऊ नये म्हणून त्यानंतरच्या आठवड्यात बुधवार-शुक्रवारचे नेहमीचे उपासही पाळत नाहीत.