मऊ हॅकलची माशी आणि तित्तराच्या पिसाचा वाद

कृष्णा-कोयनेचं पाणी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला सोसणारं नाही. तरीही साताऱ्यातले काही हौशी संध्याकाळी ट्राउटच्या माश्या, म्हणजे गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून केलेले खोटे किडे, बांधतात, सराव चिलापीवर करतात आणि सुट्टी काढून हिमाचलातली तीर्थन गाठतात.

१४९६ च्या छापील इंग्रजी पुस्तकात बारा माश्यांची यादी आहे. पण आज बांधतात तो मऊ हॅकलचा, म्हणजे डोक्यापाशी गुंडाळलेल्या मऊ पिसाचा घाट यॉर्कशर आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या खळाळत्या नद्यांवर पक्का झाला. एडिंबरातल्या एका वकिलाने १८५७ मध्ये आपले तीन 'स्पायडर', म्हणजे याच घाटाच्या माश्या, छापले. १८८६ नंतर दक्षिण इंग्लंडात तरंगत्या माशीचा असा काही बोलबाला झाला की पाण्याखालून चालणारी ही बुडती माशी म्हणजे अडाण्याचं काम ठरलं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका पुस्तकाने तिला पुन्हा वर काढलं.

आपल्याकडे घोळ आहे तो पिसाचा. नमुन्याची माशी घ्या: मेण लावलेलं नारिंगी रेशीम आणि डोक्यापाशी तित्तराच्या तपकिरी पिसाचे जेमतेम दोन वेढे. तिसरा घातलात की माशीचा झाडू झाला. तंतू विरळ असतील तरच ते प्रवाहात मिटतात, उघडतात आणि किडा जिवंत वाटतो.

ते तित्तर इंग्लंडातलं. आपल्या माळावरचं वेगळं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवाना काढून तित्तर मारता यायचं, तेही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालं. मग काहींनी परदेशी पिसं मागवली, काही गावठी कोंबडीकडे वळले. पहिल्यांचं म्हणणं, तित्तर नाही तर ती माशीच नव्हे.

हा हट्ट इतिहासाला धरून नाही. त्या वकिलाच्याच एका स्पायडरला डॉटरेल पक्ष्याचं पीस लागायचं. पक्षी दुर्मीळ झालाय, स्टार्लिंगच्या पंखाचं चालेल, असं त्यानेच लिहून ठेवलंय. म्हणजे सोवळं पहिल्या पिढीतच सुटलं होतं! काळ्या स्पायडरला तर स्टार्लिंगऐवजी कडकनाथचं पीस झकास बसतं. तीच हिरवट झाक. (२०१९ च्या कडकनाथ-पालनातल्या गुंतवणुकीच्या घोटाळ्यानंतर सांगलीतल्या वाळव्याकडे त्याचं नाव मात्र जपून काढावं.)

कोंबडीची खरी अडचण मापाची. १६ नंबरच्या गळाला मानेवरचं बारीक पीसच घ्यावं लागतं. पाठीचं घेतलं तर तंतू गळाच्या बाकाबाहेर लोंबतात आणि मासा नुसतं शेपूट ओढून जातो.