फिका रंग म्हणजे पाणचट वाइन?

‘रेड वाइन जितकी गडद तितकी भारी’ हा समज फार जुना आहे. ग्लास उजेडाकडे धरायचा, पलीकडचं दिसलं की नाक मुरडायचं. या परीक्षेत बारोलो पहिल्याच फेरीत नापास होईल.

इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांतात, लांगे टेकड्यांवर, नेबिओलो या एकाच द्राक्षापासून बारोलो बनते. या द्राक्षाच्या सालीतली रंगद्रव्यं लवकर ऑक्सिडाइझ होणाऱ्या जातीची असतात. म्हणून वाइन मुळातच माणकासारखी पारदर्शक दिसते आणि काही वर्षांत कडेला विटकरी छटा येते. ती बिघडल्याची खूण नव्हे.

जोर मात्र कमी नाही. अल्कोहोल किमान 13 टक्के, आणि साली-बियांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य असं की तरुण बारोलोचा घोट हिरड्या आवळून टाकतो. तुरटपणाचा रंगाशी संबंध नसतो, हे कोकणात वेगळं सांगायला नको: काजूचं बोंड पिवळं असो की लाल, घसा धरतोच! म्हणूनच नियमाने ही वाइन किमान 38 महिने मुरवतात, त्यांतले 18 लाकडी पिंपात. ‘रिझर्व्हा’ या जास्त मुरवलेल्या बारोलोला 62 महिने.

उलट उदाहरणही त्याच टेकड्यांवर सापडतं. बार्बेरा दिसायला गर्द जांभळी, पण टॅनिन बेताचंच. तिची धार आंबटपणात असते.

बारोलो चाखताना रंगापेक्षा नाकावर भर द्या. मोठ्या ग्लासात हलकेच फिरवली की सुकलेला गुलाब, चेरी आणि चक्क डांबराचा वास येतो. सोबत मटणाचा रस्सा असेल तर तुरटपणा बराच निवतो.