बरं वाटतं, त्या दिवशी जपा

कर्करोगाच्या उपचारांत येणारा थकवा झोपेने जात नाही, हे घरच्यांना पटायला वेळ लागतो. शरीरातला दाह, उतरलेलं हिमोग्लोबिन, झिजलेले स्नायू अशी कारणं एकत्र आलेली असतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं.

घोटाळा होतो तो बऱ्या दिवशी. साचलेली कामं एका दमात उरकली जातात आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, म्हणून पुढच्या खेपेला तेवढंच काम जास्त जड जातं. वाईट दिवशी शरीरच थांबवतं. धीर लागतो तो ताकद असताना थांबायला.

किती झेपतं हे अंदाजाने नको, लिहून ठरवा. दोन आठवडे सकाळ-दुपार-संध्याकाळ थकव्याला 0 ते 10 असा आकडा द्या, शेजारी काम आणि मिनिटं. वाईट दिवशीही 8 मिनिटं चालता आलं असेल, तर बऱ्या दिवशीही 8च. आठवडाभर निभावलं की एक मिनिट वाढवा. गजर लावून थांबा. दम लागायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. (कोविडनंतरच्या ज्या थकव्यात श्रमाचा फटका 12 ते 48 तासांनी बसतो, तिथे ही वाढही करू नये.)

अंघोळ किरकोळ वाटते, पण तिच्यात उभं राहणं, वाकणं, हात वर धरणं सगळं येतं. शिवाय कढत पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. स्टुलावर बसा, पाणी कोमट घ्या, कपडे आधीच हाताशी ठेवा. दुपारची डुलकी 20-30 मिनिटांची. लांबली की रात्रीची झोप जाते.

थकवा अचानक वाढला तर मात्र रक्त तपासून घ्या. रक्तक्षय, थायरॉईड, वेदना, नैराश्य यांवर इलाज असतो.

आणि तापाला धीर दाखवू नका. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला की रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठायचं. त्याआधी मनाने पॅरासिटॅमॉल घेऊ नये. ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो.