राखेचा उलटा प्रवास

पोटॅशियमचं नावच मुळात राखेवरून पडलंय. पिंपात लाकडाची राख भरायची, वरून पाणी ओतायचं, खाली झिरपलेलं तपकिरी पाणी लोखंडी भांड्यात आटवायचं. तळाशी उरे तो क्षार म्हणजे ‘पॉट-अ‍ॅश’, भांड्यातली राख. १८०७ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने दाहक पोटॅशमधून वीज सोडून धातू वेगळा काढला आणि नाव तिथूनच घेतलं.

शेतात राख टाकण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. इटलीतल्या पो नदीपलीकडचे शेतकरी जनावरांच्या शेणापेक्षा राखच पसंत करतात, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. त्यामागचं कारण उलगडायला मात्र एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८०४ मध्ये स्विस शास्त्रज्ञ सोस्यूरने वनस्पतींच्या राखेचं पृथक्करण मांडलं. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने ठासून सांगितलं, की राखेत सापडणारी खनिजं पीक जमिनीतूनच उचलतं.

दरम्यान राखेचा धंदा झाला होता. अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०, सॅम्युएल हॉपकिन्सच्या पोटॅश बनवण्याच्या पद्धतीला मिळालं. गंमत अशी, की यात पालाश, म्हणजे पिकाला लागणारं पोटॅशियम, पाण्यासोबत निघून जाई आणि शेताच्या वाट्याला धुतलेली राख येई. तीही वाया जात नसे, कारण तिच्यात चुना भरपूर. पुढे जर्मनीत श्टासफुर्टला १८६१ पासून खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश बनू लागलं आणि राख मागे पडली.

ती परत आली ती खत म्हणून नव्हे, अडचण म्हणून. लाकूड जाळून ऊर्जा घेणाऱ्या प्रकल्पांमागे राखेचे ढीग साचू लागले. तिकडे आम्लवर्षेने आणि लाकूडफाटा उचलून नेण्याने स्वीडनमधल्या जंगलांच्या जमिनी आम्लधर्मी होत होत्या. ‘जंगलाचं जंगलाला परत’ हा विचार त्यातून आला. फिनलंडमध्ये पाणी काढून टाकलेल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) जमिनीवर तर राखेने झाडांची वाढ अनेक वर्षं सुधारलेली दिसली. तिथे नत्र (नायट्रोजन) मुबलक, तुटवडा स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाचा. राखेत नेमकं उलट: नत्र जळताना उडून गेलेलं, बाकीची खनिजं शिल्लक.

पण झाडाने शोषलेलं कॅडमियम हा विषारी धातूही जळत नाही, ते मुख्यतः धुरासोबत उडणाऱ्या बारीक राखेत गोळा होतं. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर स्वीडनच्या काही भागांत लाकडाच्या राखेतलं किरणोत्सर्गी सीझियमही मोजावं लागलं. रंगवलेल्या किंवा आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडाची राख तर शेतात नकोच. कोळशाच्या राखेला लाकडाच्या राखेचे गुण चिकटवणं ही माझ्या मते सर्वांत मोठी गल्लत. तिच्यात पालाश तसा थोडा, आणि बोरॉन, आर्सेनिक यांची धास्ती वेगळीच. जमीन आधीच चोपण (अल्कधर्मी) असेल, तर चांगली राखही सामू (पीएच) वाढवून नुकसानच करते.

ताज्या, कोरड्या राखेने जंगलातलं शेवाळ करपतं, हेही प्रयोगांत दिसलं. म्हणून आता ती पाणी घालून घट्ट होऊ देतात किंवा तिच्या गोळ्या वळतात. मग चुना एकदम न सुटता हळूहळू, वर्षानुवर्षं विरघळत राहतो.